साखर नॉर्मल, इन्सुलिन चढलेलं

आईला रोज रात्री इन्सुलिनची सुई मी टोचतो. तिचा डायबेटिस जुना. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी सुई सुरू केली, आणि पोटावरची कातडी चिमटीत धरून पेन लावणं हा माझा जेवणाआधीचा नेम झाला. २०१९ च्या पुरात लाइट गेली, फ्रिज बंद पडला, तेव्हा तिची पेनं मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली होती. इन्सुलिन म्हणजे आमच्या घरात मिठासाखरेइतकी नेहमीची वस्तू. पण माझी समजूत एवढीच होती की डायबेटिस म्हणजे अंगात इन्सुलिन कमी पडणं. माझ्या स्वतःच्या रक्तात ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि तरीही साखर नॉर्मल होती, तेव्हा सगळं मुळापासून समजून घ्यावं लागलं. सांगली-मिरजेकडच्या माझ्यासारख्या अनेकांचा रिपोर्ट आज 'नॉर्मल' येत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी मार्केट यार्डात बेदाण्याच्या आडतीवर हिशेब आणि सौदे बघतो. वय ४६. आईमुळं दर वर्षी स्वतःची साखर तपासून घेतो. उपाशीपोटी कधी ९२, कधी ९५, कधी ९४. शंभरच्या आत. रिपोर्ट पाकिटात घालायचा आणि कामाला लागायचं.

मागच्या उन्हाळ्यात कमरेतून कळ आली. मुतखडा असणार म्हणून सोनोग्राफी केली. खडा होताच, बारका होता, पाणी पिऊन पडला. पण त्याच रिपोर्टात वरच्या ओळीत लिहिलं होतं, फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ६८.

आपल्याकडं लिव्हरचं नाव काढलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "घेताय काय?" मी थेंबसुद्धा घेत नाही. तरी एका पाहुण्यानं बायकोला बाजूला घेऊन विचारलंच, "भाऊजींचं कधीपासनं चाललंय?" तिला ते फार लागलं. दारू न पिणाऱ्याच्या लिव्हरमध्येही चरबी साठते आणि त्यामागं बहुतेक वेळा चयापचयाचा बिघाड असतो, ही गोष्ट गावोगाव माहीत व्हायला हवी. दारूच्या संशयापायी कितीतरी माणसं रिपोर्ट लपवून ठेवतात आणि उपचाराला जातच नाहीत.

मिरजेला एका फिजिशियन मॅडमना दाखवलं. फाइल उघडायच्या आधी त्यांनी मला मान वळवायला सांगितली, कॉलर खाली ओढली आणि टॉर्च मारला. मानेच्या मागं, कॉलरच्या रेषेत, माझी कातडी काळपट आणि हाताला जाडसर लागते. काखेतही तसंच. मानेवर बारीक बारीक मस आहेत. दिवाळीच्या अभ्यंगाला आई उटणं लावून ती मान खसाखसा घासायची. यार्डातल्या उन्हानं काळवंडलीय, असं सगळे धरून चालले होते.

"हा मळ नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्तात इन्सुलिन सतत जास्त असलं की कातडीच्या पेशींना वाढायचा इशारा मिळत राहतो. घासून जायचं नाही हे."

मग त्यांनी टेप काढून पोट मोजलं. ९८ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा धरतात. माझे हातपाय काटकुळे आहेत, शर्ट बाहेर सोडला की पोट झाकून जातं, त्यामुळं मला कोणी जाड म्हटलेलं नाही. बीपी १३४/८६. फाइलमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २३८ आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ३४. मॅडमनी कागदावर पाच गोष्टी लिहिल्या: पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, पुरुषाचं एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. यातल्या तीन जुळल्या तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. "तुमच्या चार जुळतात. जुळत नाही ती फक्त साखर, आणि तुम्ही इतकी वर्षं नेमकी तेवढीच मोजत आलाय."

त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी लिहून दिली. साखरेबरोबर तिन्ही वेळा इन्सुलिनही मोजायचं होतं. एक गोष्ट त्यांनी आधीच बजावली, ती इथंही सांगतो, नाहीतर हे वाचून कोणी थेट लॅबमध्ये जाऊन उभा राहील. डायबेटिसचं निदान साखरेवर आणि एचबीएवनसीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर, होतं, इन्सुलिनच्या आकड्यावर होत नाही. इन्सुलिनला सगळ्यांनी मान्य केलेली मर्यादा नाही, लॅबनुसार आकडा बदलतो, आणि ही तपासणी प्रत्येकाला करायची गरज नसते. "साखर नॉर्मल ठेवायला तुमच्या शरीराला किती खर्च येतोय, तेवढं मला बघायचंय," असं त्या म्हणाल्या.

चाचणीआधी तीन दिवस भात-भाकरी कमी करायची नाही, अशी सूचना होती. आदल्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन गेलं तर शरीर ग्लुकोज हाताळायला मंद पडतं आणि आकडे खोटेच वर येतात. रात्रीचं जेवण लवकर, मग सकाळपर्यंत फक्त पाणी.

सकाळी लॅबमध्ये पहिलं रक्त काढलं. थोड्या वेळानं ती मुलगी परत आली आणि म्हणाली, "काका, परत घ्यावं लागतंय." नळी मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पाणी पिवळसर यायच्या ऐवजी गुलाबी आलं होतं. म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या. त्या पेशींमध्ये इन्सुलिन तोडणारं एन्झाइम असतं, पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि नळीतलं इन्सुलिन खाऊन टाकतं, मग आकडा खोटा कमी येतो. हे तिनं मला नळी उजेडात धरून दाखवलं. दुसऱ्या हातातून सावकाश काढलेलं रक्त चांगलं आलं. एवढ्या काळजीनं काम करणारी माणसं भेटली की रिपोर्टवर विश्वास बसतो.

मग ग्लुकोजचं पाणी आलं. पाऊण भांडं, लिंबू न पिळलेलं, घशाला चिकटणारं गोड. पाच मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून घड्याळ लावलं. त्यानंतर दोन तास खुर्चीत बसून राहायचं, चालायचं नाही, चहा नाही, तंबाखू नाही. शेजारी एक आजोबा होते. ते गेटपर्यंत चक्कर मारायला उठले तर त्या मुलीनं त्यांना हाताला धरून परत बसवलं. चालण्यानं स्नायू साखर ओढून घेतात आणि चाचणीचा अर्थच जातो. पुढं माझ्या उपचारात हीच गोष्ट कामाला आली. दुसरं रक्त तासानं, तिसरं दोन तासांनी.

रिपोर्ट असा आला. उपाशीपोटी साखर ९६, इन्सुलिन २१.४. एक तासानं साखर १९२, इन्सुलिन १६८. दोन तासांनी साखर १३६, इन्सुलिन १४२. एचबीएवनसी ५.६.

छापील मर्यादा बघितल्या तर यातलं काहीच ठळक अक्षरात नव्हतं. दोन तासांची साखर १४० च्या आत म्हणजे नॉर्मल. एचबीएवनसी ५.७ च्या आत म्हणजे नॉर्मल. उपाशीपोटीच्या इन्सुलिनसमोर मर्यादा छापली होती २.६ ते २४.९, म्हणजे तेही आतच. मॅडमनी त्या आकड्याखाली पेनानं रेघ ओढली. ही मर्यादा सर्वसाधारण लोकांच्या रक्तावरून काढलेली असते, आणि त्या लोकांत पोट सुटलेले, लिव्हरमध्ये चरबी असलेलेही येतात. सडपातळ, निरोगी माणसाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन सहसा एक आकडी असतं. मग त्यांनी साधा हिशेब केला: उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. माझं उत्तर पाचच्या किंचित वर आलं. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडलेलं हे सूत्र आहे. त्यात साधारण एक हे निरोगी तरुण शरीराचं माप धरतात.

शिवाय एका तासाचा आकडा. आपल्याकडं दोन तासांचाच बघायची रीत आहे. पण २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशननं एका तासाच्या साखरेलाही मर्यादा दिली: १५५ किंवा वर असेल तर धोक्याची पायरी, २०९ किंवा वर असेल तर डायबेटिस धरून पुन्हा खात्री करायची. माझी १९२. दोन तासांपर्यंत ती खाली आली खरी, पण ती आणायला इन्सुलिन १६८ पर्यंत चढवावं लागलं.

मला हे कळलं ते यार्डाच्या भाषेत. जी गाडी खाली करायला चार हमाल पुरायचे तिथं आता बारा लागतायत, पण गाडी ठरल्या वेळेला खाली होतेय, म्हणून गेटवर उभ्या असलेल्या माणसाला फरक कळत नाही. मी दर वर्षी गाडी वेळेत खाली झाली का तेवढं बघत होतो. मॅडमनी हजेरीपट मागवला.

आता हे इन्सुलिन अंगात करतं काय, ते मला समजलं तसं सांगतो. जठराच्या मागं स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची बेटं विखुरलेली असतात, १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या तरुणानं ती पहिल्यांदा पाहिली. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवून साठवून ठेवतात. आधी एक लांब साखळी तयार होते, तिचे तुकडे होऊन ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड असे दोन भाग सुटतात. आपण गोड पाणी प्यालो की आतडं हार्मोन सोडून स्वादुपिंडाला आधीच वर्दी देतं. म्हणून तीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी सुटतं आणि तोंडानं घेतली तर जास्त. काही मिनिटांतच साठवलेला पहिला हप्ता बाहेर पडतो, मग सावकाश दुसरा चालू राहतो.

हे इन्सुलिन सगळ्यात आधी लिव्हरला जातं, कारण स्वादुपिंडाचं रक्त थेट तिकडं वळलेलं आहे. पहिल्याच फेरीत लिव्हर साधारण निम्मं इन्सुलिन वापरून मोडून टाकतं. उरलेलं सगळ्या अंगात फिरतं, मूत्रपिंडं आणखी काढून टाकतात, आणि रक्तातलं इन्सुलिन चार ते सहा मिनिटांत निम्म्यावर येतं. इतक्या थोड्या आयुष्याची ही वस्तू आहे. म्हणजे माझ्या रक्तात दोन तासांनीही १४२ दिसत होतं ते मघाचं शिल्लक राहिलेलं नव्हतं, स्वादुपिंड अजून ओततच होतं. त्यात लिव्हरमध्ये चरबी भरली की ते इन्सुलिन मोडायलाही कमी पडतं, त्यानं आकडा आणखी फुगतो.

स्नायूच्या पेशीवर इन्सुलिन बसलं की आतले साखर वाहून नेणारे प्रथिनांचे कण पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. जेवणानंतरची साखर जिरवण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. चरबीच्या पेशींना इन्सुलिन सांगतं, साठवलेलं सोडू नका. लिव्हरला सांगतं, साखर बनवून रक्तात सोडणं थांबवा, उलट साठवा, आणि जास्तीची असेल तिची चरबी करा.

बिघाड होतो तो इथं. लिव्हरमध्ये आणि स्नायूंच्या पेशींत, जिथं चरबी राहायला नको तिथं ती साचत गेली की इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडून तो निरोप रेटतं. आणि लिव्हरचं वागणं विचित्र असतं: साखर सोडणं थांबवा हा हुकूम ते ऐकेनासं होतं, चरबी बनवा हा हुकूम मात्र ऐकत राहतं. इन्सुलिन जितकं जास्त तितकी चरबी जास्त. ती चरबी ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात येते, त्यापाठोपाठ एचडीएल खाली जातं. जास्तीचं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, बीपी चढायला तेही एक कारण. माझ्या फाइलमधले सुटे सुटे वाटणारे आकडे एकमेकांचे सख्खे नातेवाईक निघाले.

यात बेदाण्याचा भाग मी मुद्दाम विचारला, कारण आमचा धंदाच तो. सौद्याला बॉक्स मांडलेले असतात, हिरवा, पिवळा, काळा. बोटांत दाबून ओल बघायची, रंग बघायचा आणि दोन-चार दाणे तोंडात टाकायचे. प्रत्येक बॉक्सचे दोन-चार, आणि सौद्याचा दिवस मोठा. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तिच्यात साधारण निम्मी फ्रुक्टोज. फ्रुक्टोजचा बहुतेक भार लिव्हरवर पडतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची तिथं सहज चरबी होते. मॅडमनी बेदाण्याला वाईट म्हटलं नाही. जेवणाबरोबर मूठभर खाणारा वेगळा आणि दिवसभर बसल्या जागी तोंड चालू असणारा वेगळा, एवढंच म्हणाल्या. ते मला पटलं. आमच्या तासगाव-मिरज भागाचं पोट या मालावर चालतं, तो बदनाम व्हावा असं मला कधीच वाटणार नाही.

घरी येऊन मी वाचत सुटलो. लंडनचे हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की डायबेटिसचे काही रुग्ण इन्सुलिनला चटकन दाद देतात, काही देत नाहीत. पण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोय नव्हती. टोरांटोला १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, १९२२ पासून रुग्णांचे जीव वाचू लागले, तरी रक्तात ते किती आहे हे सांगता यायला १९६० उजाडलं. न्यू यॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून ते मोजलं. यॅलोबाई डॉक्टर नव्हत्या, भौतिकशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी बघितलं तर मोठ्या वयात डायबेटिस झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर. १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. बर्सन तोवर वारले होते. माझ्या हातातल्या २१.४ या आकड्यामागं एवढा खटाटोप आहे हे कळल्यावर तो कागद मी जपून ठेवला.

त्याहून जवळचं वाटलं ते पुण्याचं काम. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळंही मोजली आहेत: वजनाला कमी, स्नायू कमी, आणि त्या मानानं चरबी टिकून असलेली. काटकुळे हातपाय आणि पुढं आलेलं पोट हे माझ्या एकट्याचं लक्षण नाही, हे कळून मला धीर आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटिसचे आणि साडेतेरा कोटींवर त्याच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज आहे. त्या उंबरठ्याच्याही अलीकडं, माझ्यासारखे साखर नॉर्मल असलेले किती असतील, ते या मोजणीत येतच नाहीत.

आईचं कोडंही इथंच उलगडलं. तिला बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं आणि माझ्या अंगात ते जास्त आहे, मग आम्हा दोघांचा आजार एकच कसा? मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आई तुमच्या जागेवर कधीतरी होत्याच. तेव्हा कोणी मोजलं नाही." वर्षानुवर्षं जास्त काम करून बीटा पेशी थकतात, काही मरतात. सगळ्यांच्या थकत नाहीत, तो घराण्याचा भाग. ज्यांच्या थकतात त्यांची साखर वर यायला लागते. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की टाइप टूचं निदान होतं त्याच दिवशी बीटा पेशींची निम्मी ताकद संपलेली असते. आईच्या हातात पहिला रिपोर्ट आला तेव्हा निम्मी वाट चालून झाली होती. हे ऐकल्यावर रात्री तिला सुई देताना माझा हात जरा जास्त वेळ तिच्या पाठीवर राहिला.

उपचाराला मॅडमनी लगेच गोळी दिली नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायामाचं ध्येय दिलेल्यांमध्ये डायबेटिस व्हायचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. आपल्याकडच्या लोकांवर चेन्नईत २००६ मध्ये असाच अभ्यास झाला, तिथं जीवनशैलीनं २८.५ टक्के घट झाली. आपल्यात परिणाम कमी दिसला तरी दिसला. ते सगळे साखर वाढलेले लोक होते, पण रस्ता तोच, असं त्यांचं म्हणणं.

जेवणात सगळ्यात आधी पातळ साखर गेली, म्हणजे यार्डातला गोड चहा. बायकोनं ताट बदललं ते तिच्या पद्धतीनं. काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी, मग ज्वारीची भाकरी, भात शेवटी आणि मोजका. आधी भाजी-डाळ पोटात गेली की साखर सावकाश चढते. संध्याकाळचं भडंग मी सोडलं नाही, सांगलीत राहून ते जमायचं नाही. मात्र ते ताटलीत घेऊन खायचं, पिशवीतून नाही. सौद्याला ओल बोटांनीच बघतो. चव घ्यायची झाली तर शेवटच्या दोन-तीन बॉक्सची घेतो, जिथं भाव खरंच चवीवर ठरणार असतो.

रात्री जेवण झालं की आम्ही दोघं घाटावर उतरतो, किंवा आयर्विन पुलावरून सांगलवाडीकडं जाऊन येतो. लॅबमध्ये त्या आजोबांना ज्या कारणासाठी बसवलं होतं तेच इथं उपयोगी पडतं. स्नायू आखडतात-सैलावतात तेव्हा साखर वाहणारे कण इन्सुलिनशिवायही पृष्ठभागावर येतात. निरोप पोहोचत नसलेल्या पेशीतही साखर जाते. चालण्याला फार झपाटा लागत नाही, जेवणानंतर लगेच असलं पाहिजे. ही एकच गोष्ट मी ज्याला त्याला सांगत सुटलोय.

स्नायूच वाढवायचे म्हणून गल्लीतल्या तालमीत गेलो. वस्तादांनी आधी मांडी दाबून बघितली. "मांडीत कायबी न्हाई ओ तुमच्या. एकदम जोर मारायला जाऊ नका. भिताडाला पाठ लावून बैठका घाला, गुडघं दुखायला लागलं की थांबा." मांडी-नितंबांचे स्नायू अंगातले सगळ्यात मोठे, साखर जिरवायला तेच कामाचे, हे मॅडमचं शास्त्र त्यांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्येच सांगतोय की मी." आता त्या पोरांच्या शेजारी, माझ्या वयाच्या मानानं, बऱ्यापैकी खाली बसता येतं.

अर्ध्या वर्षानंतर त्याच लॅबमध्ये चाचणी पुन्हा केली. लॅब मुद्दाम तीच, कारण आकडे एकमेकांशी लावायचे होते. उपाशीपोटी साखर ९०, इन्सुलिन ९.८, सूत्राचं उत्तर दोनच्या थोडं वर. एक तासानं साखर १५१, इन्सुलिन ८२. ट्रायग्लिसराइड १४१, एसजीपीटी ३६, सोनोग्राफीत ग्रेड एक. वजन सहा किलो उतरलं. उपाशीपोटीची साखर सहाच आकड्यांनी हललेली बघा, आणि तिच्यामागचं इन्सुलिन निम्म्याहून खाली आलेलं बघा. मी फक्त साखर मोजत राहिलो असतो तर एवढ्या मेहनतीनं काही फरक पडला, असं मला वाटलंच नसतं.

सगळं सुधारलंय असं नाही. पोटाचा घेर ९१ वर अडलाय. एचडीएल ३९, अजून चाळिशीला टेकलेलं नाही. मान पहिल्यापेक्षा उजळली, काखेतलं काळेपण तसंच आहे. कातडीला वेळ लागतो म्हणतात. मॅडमनी पुढच्या वर्षी फायब्रोस्कॅन करायला सांगितलंय, लिव्हर कडक झालंय का ते त्यात कळतं.

आणि त्यांनी भावंडांची विचारपूस केली. धाकटी बहीण कराडला असते. लग्नाआधीपासून तिची पाळी अनियमित, ओठावर-हनुवटीवर लव, मानेचा रंग माझ्यासारखाच. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाचा हार्मोनचा बिघाड, म्हणून तिनं गोळ्या घेतल्या, मुलं झाल्यावर तो विषय घरात मागं पडला. जास्तीचं इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, त्या आजारात हा मोठा भाग असतो, आणि अशा बायकांना पुढं डायबेटिसचा धोकाही जास्त. मी फोन केला तर ती म्हणाली, "दादा, माझी शुगर नॉर्मल आहे रे." मग तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. घेर मोज म्हटलं, तिनं शिवणकामाची टेप लावली: ९१. पुढच्या सोमवारी ती मिरजेला येतेय. हिमोग्लोबिनही सोबत तपासायला सांगितलंय, कारण लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटाच वर दिसतो, आणि तिला पहिल्यापासून रक्त कमी आहे.